पुण्याच्या कडेच्या गावाचं पुढे काय होणार, हे आजच कसं ओळखायचं

विचारलेला प्रश्न असा: पुणे महापालिकेत नव्याने आलेल्या किंवा हद्दीला अगदी लागून असलेल्या गावात घर घ्यायचं आहे. मेट्रो येणार, रिंग रोड होणार असं सगळेच सांगतात. पण पंधरा-वीस वर्षांनी हा भाग खरंच राहण्याजोगा असेल का? आणि एवढ्या वेगाने वाढणाऱ्या या सगळ्या महानगराचंच पुढे काय होणार?

मेट्रोच्या नकाशावर बोट ठेवून याचं उत्तर मिळत नाही. वाढत्या भागाचं भवितव्य कामं कुठल्या क्रमाने झाली यावर ठरतं. आधी रस्त्याची आणि ओढ्याची जागा राखायची, मग सांडपाण्याची वाहिनी टाकायची, मग पाण्याची मुख्य वाहिनी आणि उंच टाकी, आणि त्यानंतर इमारती. या क्रमाने वाढलेला भाग वीस वर्षांनीही सुरळीत चालतो. पुण्याच्या कडेला बहुतेक ठिकाणी आधी इमारत उभी राहिली, मग टँकर आला, मग हंडा मोर्चा निघाला आणि सगळ्यात शेवटी वाहिनीचं टेंडर निघालं. उलटा क्रम नंतर दुरुस्त करणं इतकं महाग का पडतं, हे एकदा नीट समजलं की कुठल्याही गावात तासभर फिरून तुम्हालाच अंदाज बांधता येईल.

आधी वाढीचा आवाका बघू. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड दहा लाखांच्या जरा वर होतं, २०११ मध्ये ते १७ लाखांच्या पुढे गेलं. पुणे शहर त्याच दहा वर्षांत सुमारे २५ लाखांवरून ३१ लाखांवर गेलं. २०११ नंतर ठरलेली २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. दरम्यान २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावं पुणे महापालिकेत आली. पुढे त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी वेगळी काढून त्यांची नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला. या हद्दींच्या पलीकडे २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएचं, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं, कित्येक हजार चौरस किलोमीटरचं क्षेत्र पसरलेलं आहे. जलवाहिनीचा व्यास तीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरून ठरवतात. आजचीच लोकसंख्या अंदाजाने धरली असेल तर तीस वर्षांनंतरचा आकडा किती डळमळीत असणार, याची कल्पना करा.

आता पाणी. यावर जास्त लिहितो, कारण सगळं गाडं इथेच अडतं.

पुणे शहर मुख्यतः खडकवासला साखळीवर जगतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. महापालिका त्यातून वर्षाला वीस टीएमसीहून जास्त पाणी उचलते. उरलेल्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेती, शिवाय बाष्पीभवन आणि कालव्याची गळती. महापालिका आणि जलसंपदा विभाग यांच्यात कोट्यावरून दर वर्षी ओढाताण होते ती यामुळेच. पूर्व भागाला २०२१ पासून भामा आसखेड धरणाचं पाणी मिळू लागलं. पिंपरी-चिंचवडची भिस्त पवना धरणावर आहे आणि तिथे नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. पवनेचं पाणी नदीपात्रातून सोडून रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात, त्यात वाटेत नासाडी होते. म्हणून धरणापासून बंद जलवाहिनीची योजना आखली गेली, पण ९ ऑगस्ट २०११ ला मावळातल्या आंदोलनावर गोळीबार होऊन तीन शेतकरी मृत्युमुखी पडले आणि काम थांबलं. शहराच्या पाण्याची दुसरी बाजू खेड्यात असते. तिकडच्यांना विश्वासात न घेता आखलेली योजना कागदावरच राहते, आणि अशी योजना रखडली की कडेच्या भागाला सगळ्यात आधी झळ बसते.

टीएमसी हा शब्द रोज कानावर पडतो, पण त्यात माणसं किती भागतात हे क्वचितच सांगितलं जातं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८३० कोटी लिटर. वर्षभर वाटलं तर दिवसाला पावणेआठ कोटी लिटर. शहरी मापदंड माणशी १३५ लिटरचा. म्हणजे एका टीएमसीत पावणेसहा लाख लोकांचं भागायला हवं. पण वाटेत ३५ टक्के पाणी गळालं किंवा बेहिशेबी गेलं, तर तेवढ्याच टीएमसीत पावणेचार लाखांच्या आसपास लोकांचंच भागतं. गळती थांबवणं हे नवं धरण बांधल्यासारखंच आहे, फक्त त्यात कुणाचं गाव बुडत नाही.

गळती शोधायची पद्धत तशी सोपी आहे, तिला चिकाटी लागते. शहराचे लहान झोन पाडायचे, प्रत्येक झोनच्या तोंडाशी एकच प्रवाहमापक बसवायचा आणि पहाटे दोन ते चारचा प्रवाह बघायचा. त्या वेळी माणसं झोपलेली असतात. तरीही मापकातून पाणी जोरात जात असेल तर ते जमिनीत तरी मुरतंय किंवा अनधिकृत जोडात तरी जातंय. मग झोनमधले व्हॉल्व्ह एकेक करून बंद करायचे. ज्या व्हॉल्व्हला प्रवाह एकदम पडतो, गळती त्याच्या पुढच्या तुकड्यात. हे जमण्यासाठी पाणी चोवीस तास दाबाखाली हवं. दिवसातून दोन तास पाणी येणाऱ्या गावात ही चाचणी करताच येत नाही, आणि नव्याने आलेल्या गावांची परिस्थिती नेमकी तशीच आहे.

हद्दीबाहेरच्या गावांचं गणित आणखी बिकट आहे. ग्रामीण योजना जलजीवन मिशनच्या मापदंडाने, म्हणजे माणशी ५५ लिटर धरून आखल्या जातात. गावात पाच हजार लोक असताना आखलेली योजना, पुढच्या आठ वर्षांत आलेल्या पंचवीस मजली इमारतींना पुरणार कुठून? म्हणून अशा ठिकाणी बांधकाम परवानगी देताना विकसकाकडून हमीपत्र घेतात, की सार्वजनिक पाणी येईपर्यंत रहिवाशांच्या पाण्याची सोय तो करेल. ही सोय म्हणजे बोअर आणि टँकर. सोसायटी हस्तांतरित झाली की टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं आणि हमीपत्र फाइलमध्ये राहतं.

बोअरवर किती विसंबायचं, याचा हिशेब करून बघा. एक हेक्टरच्या भूखंडावर ४०० सदनिका, घरटी चार माणसं, म्हणजे १६०० जण. दिवसाला २ लाख १६ हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे साधारण बावीस टँकर. त्या भूखंडावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडतो असं धरलं तर ७० लाख लिटर पाणी पडतं. आपला खडक बेसॉल्टचा, त्यात पाणी वरच्या मुरमात आणि मधल्या सच्छिद्र थरांतच साठतं. दहा टक्के मुरलं तरी खूप. ते झालं सात लाख लिटर. म्हणजे स्वतःच्या जमिनीत वर्षभरात मुरलेलं पाणी ही सोसायटी सव्वातीन दिवसांत संपवते! बाकीचे दिवस ती शेजारच्या शेताखालचं पाणी ओढत असते, आणि शेजारीही इमारत झाली की दोन्ही बोअर कोरडे पडतात. छतावरचं पाणी साठवून किंवा गाळून बोअरमध्ये सोडलं तर थोडा फरक पडतो: तीन हजार चौरस मीटर छतावरून साधारण सोळा-सतरा लाख लिटर, म्हणजे आठवडाभराचं पाणी. ते जरूर करावं, पण त्याच्या भरवशावर घर घेऊ नये.

पाणी नाही हे निदान दिसतं. सांडपाणी दिसत नाही, आणि खरा धोका तिथे आहे.

जेवढं पाणी घरात येतं त्याच्या सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. हे पाणी उतारानेच वाहतं. वाहिनीत गाळ बसू नये म्हणून प्रवाहाचा वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर राखावा लागतो आणि त्यासाठी उतार द्यावा लागतो. समजा २०० मीटरला एक मीटर उतार दिला, तर किलोमीटरभर लांबीत वाहिनी पाच मीटर खाली जाते. सपाट जमिनीवर दुसऱ्या टोकाला तेवढा खोल चर खणावा लागतो. शेत असताना हे काम पोकलेनने लवकर उरकतं. गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवर, घरं झाल्यावर तेच काम सहा मीटरच्या गल्लीत करायचं असतं: चराची रुंदी सव्वा मीटर, मशिनला तीन मीटर, उपसलेली माती टाकायला जागा नाही, खाली कातळ, आणि ब्रेकर लावला की दोन्ही बाजूंच्या पाया न घेतलेल्या भिंतींना तडे. म्हणून ठेकेदार खोली वाचवतो, उतार कमी देतो आणि दोन वर्षांत चेंबर तुंबू लागतात. दोष नुसता ठेकेदाराचा नाही. त्या गल्लीत ते काम नीट करणं जवळजवळ अशक्यच असतं.

त्याच गल्लीत पाण्याची वाहिनीही हवी. मापदंडाप्रमाणे ती सांडपाण्याच्या वाहिनीपासून शक्यतो तीन मीटर दूर आणि वरच्या पातळीवर असावी. शिवाय पावसाळी गटार, वीज, गॅस, फायबर. सहा मीटरमध्ये हे बसत नाही, मग दोन्ही वाहिन्या एकाच चरात जातात. पाणी दिवसातून दोन तास आणि उरलेले बावीस तास नळी रिकामी. नळी रिकामी होताना आत पोकळी होऊन ओढ निर्माण होते, आणि सैल जोडातून शेजारचं सांडपाणी आत खेचलं जातं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की पहिली पाच मिनिटं ते गढूळ येतं, ते बऱ्याचदा हेच.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची लाट आली. राज्यात रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, खडकवासला या पट्ट्यात रुग्ण एकवटले होते, आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित पाण्या-अन्नातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आढळला. ही सगळी गावं २०१७ आणि २०२१ च्या हद्दवाढीतली. त्यातल्या काही भागांत विहिरीचं पाणी पूर्ण गाळणप्रक्रिया न होता, केवळ जंतुनाशक टाकून दिलं जात होतं. गाव शहरात आलं, इमारती शहरी झाल्या, पाण्याची व्यवस्था मात्र ग्रामपंचायतीच्या काळातलीच राहिली. लोक अंथरुणाला खिळले, काही जीव गेले. नियोजनाचा क्रम चुकला की शेवटी काय होतं, हे याहून स्पष्ट कसं दिसावं?

म्हणून कुठल्याही घरात पहिल्यांदा ओटी टेस्ट करा. परीक्षानळीत नळाचं पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. रंगपट्टीवर किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर दिसायला हवं. रंगच आला नाही तर पाण्यात क्लोरीन टाकलेलंच नाही किंवा वाटेत घाण शिरून ते संपलेलं आहे. चाचणी पाणी सुटल्यावर लगेच आणि पुन्हा अर्ध्या तासाने करायची. दोन्ही वेळच्या रंगात फरक पडला तर जोड कुठेतरी सैल असण्याची शक्यता आहे.

मोठ्या सोसायटीचा स्वतःचा सांडपाणी प्रकल्प असतो, त्याची तपासणीही अवघड नाही. सक्रिय गाळ किंवा एसबीआर पद्धतीचा, म्हणजे हवा देऊन वाढवलेल्या जिवाणूंकडून घाण खाववणारा प्रकल्प असेल तर हवा सोडतात त्या टाकीतलं एक लिटर पाणी मोजपात्रात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. गाळ साधारण २५० ते ४०० मिलिलिटरपर्यंत खाली बसला आणि वरचं पाणी नितळ असलं तर प्रकल्प जिवंत आहे. गाळ पन्नास-साठ मिलिलिटरच असेल तर आत जिवाणू फारच कमी आहेत; तो प्रकल्प तपासणीच्या दिवशीच चालवला जातो असं समजा. वीजबिल वाचवायला हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद ठेवतात. चार-सहा तास हवा बंद राहिली की पाणी काळं पडतं, वास सुटतो, रहिवासी तक्रार करतात आणि मग सगळं थेट ओढ्यात सोडलं जातं.

आणि तरीही महानगराच्या पाण्याचं उत्तर याच सांडपाण्यात आहे, असं माझं ठाम मत आहे. वर्षाला वीस टीएमसी उचललं तर सोळा टीएमसी सांडपाणी तयार होतं. चार धरणांच्या एकूण साठ्याच्या निम्म्याहून ते जास्त आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून, प्रक्रिया केलेलं पाणी उचलून शेतीसाठी कालव्यात सोडायचं आणि त्या बदल्यात धरणाचं पाणी शहराला, ही व्यवस्था उभी आहे. जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जातून ११ सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रकल्पही हाती घेतला गेला. मात्र केंद्र बांधून भागत नाही, गल्लीतली वाहिनी त्याला जोडलेली हवी. जोडणी नसेल तर केंद्र अर्ध्या क्षमतेने चालतं आणि नदी तशीच काळी वाहते. शिवाय शेतकऱ्याला मिळणारं पाणी खरंच स्वच्छ असेल तरच ही अदलाबदल टिकेल. पिकावर फेस येणारं पाणी कुणी का घ्यावं?

ओढ्यांकडे वळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर पुणेकर विसरलेले नाहीत. डोंगरउतारावरचं शंभर हेक्टर पाणलोट क्षेत्र धरा आणि तासाला ६० मिलिमीटरचा पाऊस. शेत, गवत असताना सेकंदाला साधारण पाच घनमीटर पाणी ओढ्यात येतं. तोच उतार इमारती, पार्किंग आणि काँक्रीटच्या रस्त्यांनी झाकला की साडेबारा घनमीटर. पाऊस तेवढाच, पाणी अडीचपट. रस्ता करताना ओढ्यात ९०० मिलिमीटरचा सिमेंटचा पाइप टाकून वर भराव केला असेल, तर तो पाइप पूर्ण भरून सेकंदाला सव्वा घनमीटरच्या आसपास पाणी नेतो. असे दहा पाइप लागतील, किंवा तीन बाय दोन मीटरची चौकोनी मोरी. आणि हा हिशेब पाइपात प्लॅस्टिक अडकलेलं नाही असं धरून केलाय.

नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा. गावच्या ओढ्यांना बहुतेक ठिकाणी अशी रेषाच नाही. विकसक ओढा वळवतो, काटकोनात फिरवतो, बंदिस्त करतो. काटकोनाच्या कोपऱ्यावर पाणी अंगावर येतं आणि समोरची सीमाभिंत पडते. ओढा वळवलेली जागा ओळखायची खूण सोपी आहे: ओढा निसर्गात सरळ रेषेत वाहत नाही. भूखंडाच्या हद्दीला बरोबर समांतर वाहणारा ओढा दिसला की जुना गाव नकाशा काढून बघावा.

रस्त्यांच्या बाबतीत रुंदीपेक्षा जाळं महत्त्वाचं. कडेच्या गावांत एक मुख्य रस्ता असतो आणि त्यातून फुटणाऱ्या, कुठेही न मिळणाऱ्या गल्ल्या. पन्नास हजार माणसं एकाच तोंडातून बाहेर पडतात. उड्डाणपुलाने तो प्रश्न एक किलोमीटर पुढे सरकतो, एवढंच. हवेत ते सगळ्या बाजूंनी जोडलेले १२, १८, २४ मीटरचे रस्ते, आणि त्यांची जागा शेत असतानाच मिळते. भूसंपादनाने रस्ता करायचा तर ज्याच्या शेतातून रस्ता गेला त्याची जमीन जाते आणि शेजाऱ्याच्या जमिनीचा भाव वाढतो. असं असताना तो विरोध करणार नाही तर काय करेल?

यावर आपल्याच कायद्यात चांगला उपाय आहे: नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते, ओढे, मैदानं, शाळा, दुर्बल घटकांची घरं यांची जागा काढायची, काही भूखंड प्राधिकरणाने विकून सुविधांचा खर्च भागवायचा आणि निम्मी किंवा त्याहून जास्त जमीन आखीव भूखंडाच्या रूपात प्रत्येक मालकाला परत द्यायची. तोटाही सगळ्यांचा, फायदाही सगळ्यांचा. पीएमआरडीएने म्हाळुंगे-माणला सुमारे २५० हेक्टरवर अशी योजना हाती घेतली. मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी स्वतःच सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून नगर वसवलं, तेही याच विचाराच्या जवळचं. टीपी रखडते ती कागदांपायी. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष मोजणी जुळत नाही, खातं सामायिक असतं, वारसनोंद राहिलेली असते, तोंडी वाटप नकाशावर नसतं. म्हणून योजना जाहीर करण्यापूर्वी सहा महिने गावात शिबिरं घेऊन फेरफार आणि मोजणी उरकली तर पुढची कित्येक वर्षं वाचतील. एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचा, ११० मीटर रुंदीचा रिंग रोड होतोय. त्याच्या दोन्ही बाजूंना आत्ताच अशा योजना केल्या नाहीत तर त्याच्यावर चढण्या-उतरण्याच्या प्रत्येक जागी कोंडीत अडकलेली नवी हिंजवडी तयार होईल.

मेट्रोबद्दल थोडक्यात. मार्च २०२२ मध्ये पहिले टप्पे सुरू झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मार्गाने स्वारगेटपर्यंत गाडी पोहोचली. हिंजवडी-शिवाजीनगर हा तेवीस किलोमीटरचा मार्ग वेगळा. स्थानकापासून आठशे मीटरच्या आत, आणि तेही फुटपाथ असेल तरच, माणूस चालत येतो. त्यापलीकडे बस लागते. लाख लोकसंख्येमागे साधारण पन्नास बस हा मापदंड धरला तर सत्तर लाख लोकसंख्येला साडेतीन हजार बस हव्यात. पीएमपीचा ताफा दोन हजारांच्या आसपास राहिला आहे. घर बघताना स्थानक किती किलोमीटरवर आहे यापेक्षा सकाळी आठला थांब्यावर दर किती मिनिटांनी बस येते, ते उभं राहून मोजा.

हे सगळं माहीत असूनही का होत नाही? हिंजवडी बघा. आतले रस्ते एमआयडीसीचे, गावठाण आणि कचरा ग्रामपंचायतीचा, बांधकाम परवानगी पीएमआरडीएची, मेट्रो पीएमआरडीएची, महामार्ग आणखी वेगळ्या यंत्रणेचा, आणि लागूनच पिंपरी-चिंचवडची हद्द. परवानगीचे पैसे एकाकडे जातात, सेवा देण्याची जबाबदारी दुसऱ्याकडे असते. पाणी तुंबलं की प्रत्येक जण आपल्या हद्दीचा दगड दाखवतो. त्यात मार्च २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांच्या सभागृहांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होते, त्यामुळे नव्या गावांना नगरसेवकच नव्हता. पीएमआरडीएचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप विकास आराखडाही अंतिम न होता मागे घेतला गेला. हजारो लोकांनी त्यावर हरकती घेतल्या होत्या, त्यांची ती मेहनत वाया गेली याचं फार वाईट वाटतं. माझ्या मते एकच नियम कडक पाळला तरी चित्र बदलेल: ज्या भागात सांडपाण्याची मुख्य वाहिनी पोहोचलेली नाही, तिथे मोठ्या गृहप्रकल्पाला भोगवटा पत्र द्यायचं नाही.

आता तुमच्या घराबद्दल. गट नंबर घेऊन महापालिकेच्या किंवा पीएमआरडीएच्या कार्यालयातून झोन दाखला (जमीन कशासाठी राखली आहे ते) आणि भाग नकाशा (आराखड्यातला तेवढाच तुकडा) काढा. भाग नकाशावर भूखंडाला लागणारा रस्ता किती मीटरचा दाखवलाय ते बघा आणि टेप घेऊन जागेवर मोजा. नकाशावर १८ मीटर आणि जागेवर सहा मीटर असेल, तर मधली जमीन कुणाची आहे आणि तिच्यावर काय बांधलंय हे विचारा. मोकळं शेत असेल तर आशा आहे, तीन मजली घरं असतील तर रस्ता विसरा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं बांधकाम परवानगी पत्र असतं. त्याच्या शेवटच्या पानांवर अटी असतात, त्यात पाणी आणि सांडपाणी हे शब्द शोधा. ‘पाणीपुरवठ्याची जबाबदारी विकसकाची राहील’ असं लिहिलेलं असेल तर महिन्याला किती टँकर लागतात हे शेजारच्या राहत्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा, तो नेमका आकडा सांगतो. सांडपाणी प्रकल्पाचं पाणी पुढे कुठे जातं, तेही विचारा. ‘बागेला वापरतो’ एवढंच उत्तर आलं तर पुरेसं नाही, कारण पावसाळ्यात बागेला पाणी लागत नाही. आणि जागा बघायला जुलैत, जोराच्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जा. तळघरात ओल, भिंतीवर मातीची आडवी रेघ, लिफ्टच्या खड्ड्यात पंप, यातलं काहीही दिसलं तर उत्तर मिळालं.

घर आधीच घेतलेलं असेल तर पुढचा विकास आराखडा प्रसिद्ध होण्याची वाट बघत हात बांधून बसू नका. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम २६ खाली हरकतींना तीस दिवस मिळतात, आणि कागद जमवण्यातच वीस जातात. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गाव नकाशाची प्रत आत्ताच काढून ठेवा. त्यात ओढे, शिवरस्ते, पाणंद स्पष्ट दिसतात. हरकतीत ‘आमच्या भागाचा विकास करावा’ असं मोघम लिहू नका. असं लिहा: गट क्रमांक अमुक ते तमुक यांतून वाहणारा ओढा गाव नकाशात आहे, प्रारूप आराखड्यात दाखवलेला नाही, तो मूळ रुंदीने दाखवून काठाची जागा हरित पट्टा म्हणून आरक्षित करावी. सोबत नकाशाची प्रत, पावसाळ्यातले तारखेसह फोटो आणि ‘सुनावणीस समक्ष हजर राहू इच्छितो’ हे वाक्य. एका सोसायटीची एक हरकत देण्यापेक्षा प्रत्येक सदनिकाधारकाची स्वतंत्र हरकत द्या, पोचपावती घ्या, आणि सुनावणीच्या दिवशी गाव नकाशाची शिक्का असलेली प्रत बरोबर न्या.